धागा : देशाचा बालहक्क अहवाल आणि आपल्या गावची चार रजिस्टरं

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ ला मंजूर झाला आणि भारताने तो ११ डिसेंबर १९९२ ला स्वीकारला. करार स्वीकारलेल्या प्रत्येक देशाला जिनिव्हातल्या १८ सदस्यांच्या बालहक्क समितीपुढे अहवाल द्यावा लागतो. पहिला दोन वर्षांत, पुढचे दर पाच वर्षांनी. आपला पहिला अहवाल १९९७ मध्ये गेला, दुसरा २००१ मध्ये, तिसरा आणि चौथा एकत्र करून २०११ मध्ये. त्यावर सुनावणी झाली २०१४ मध्ये. समिती कोणाला दंड करत नाही. ती प्रश्न विचारते, निरीक्षणं नोंदवते, शिफारशी करते. वैयक्तिक तक्रारीची सोय असलेला तिसरा ऐच्छिक करार भारताने स्वीकारलेला नाही, त्यामुळे धारणीच्या किंवा एटापल्लीच्या एखाद्या मुलाची तक्रार थेट तिथपर्यंत पोचत नाही. तिथे पोचतात ते सरकारचे आकडे, आणि संस्थांनी दिलेले पर्यायी अहवाल.

हे आकडे जन्माला येतात ते अंगणवाडीच्या ओसरीवर, शाळेच्या हजेरीपटात, आशाताईंच्या वहीत आणि ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू रजिस्टरात. या चारपैकी एकात चूक झाली तर ती तालुक्यात मिसळते, जिल्ह्यात गोळा होते आणि दिल्लीत पोचेपर्यंत तिला खात्रीचा शिक्का लागलेला असतो. म्हणून देश मुलांचे हक्क कसे सांभाळतो हे तपासायला मुंबईला जायची गरज नाही. चार रजिस्टरं एकमेकांशेजारी ठेवून नावं जुळवायची. चारहींत असलेलं मूल आपल्या यंत्रणेला दिसतं. एकाच रजिस्टरात असलेलं मूल दिसत असूनही निसटण्याच्या बेतात असतं. कशातच नसलेलं मूल आपल्याला घरोघर फिरूनच सापडेल.

एक पथ्य आधीच सांगतो. मोजण्याआधी काय मोजतोय ते वेगळं करा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाची पद्धत तीन थरांची आहे : रचना, प्रक्रिया, परिणाम. बालविवाहाचं उदाहरण घ्या. २००६ चा कायदा आहे आणि ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, ही रचना. वर्षभरात किती खबरी आल्या, त्यातल्या किती लग्नाआधी आणि किती लग्नानंतर, किती गुन्हे नोंदले, ही प्रक्रिया. २० ते २४ वयाच्या किती बायकांचं लग्न अठराच्या आत झालं, हा परिणाम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात तो २१.९ टक्के आला, चौथ्या फेरीत २६.३ होता. आपले सरकारी अहवाल बहुतेक पहिल्या थरावर थांबतात : समिती स्थापन झाली, जीआर निघाला, प्रशिक्षण झालं. गावातून तपासायचे ते उरलेले दोन थर.

रजिस्टरवाली

पूर्णाकाठ भाऊ, चार रजिस्टरं जुळवताना सगळ्यात मोठी फट कुठे पडते ते सांगते. माहेरी बाळंतपण. बाई सातव्या महिन्यात माहेरी जाते, जन्म दुसऱ्या तालुक्यातल्या दवाखान्यात होतो आणि नोंद जिथे जन्म झाला तिथल्या निबंधकाकडे लागते. सासरच्या अंगणवाडीत ते मूल तीन-चार महिन्यांनी, बाई परत आल्यावर चढतं. मधल्या काळात बाळ दगावलं तर माहेरची आशा म्हणते ते बाळ आमचं नाही आणि सासरच्या आशाकडे त्याची नोंदच झालेली नसते. बाळमृत्यूतले बरेचसे पहिल्या महिन्यातच होतात, म्हणजे नेमक्या याच फटीत.

उपाय साधा आहे. जन्मांपासून सुरुवात करूच नका. गरोदर मातांच्या नोंदवहीपासून करा. प्रत्येक नोंदलेल्या गरोदरपणाचा शेवट लिहिलेला असला पाहिजे : जिवंत जन्म, मृतजन्म, गर्भपात किंवा स्थलांतर. "माहेरी गेली" हा शेवट नव्हे. अपेक्षित तारीख उलटून सहा आठवडे झाले आणि शेवट लिहिलेला नाही, अशा सगळ्या नावांची यादी काढा. ही यादी हाच तुमचा पहिला निष्कर्ष.

जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून, त्यानंतर जन्मलेल्यांसाठी, शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखल्यालाच महत्त्व आलं आहे. आज राहिलेली नोंद सहा वर्षांनी शाळेच्या दारात अडणार.

पऱ्हाटी

ताई, बरोबर सांगून राह्यल्या तुम्ही. पण मले येक इचारायचं हाय. अंगणवाडीतल्या वजनाच्या आकड्यावर कितीक भरवसा ठेवायचा? मोबाइलमदी भरलेला आकडा अन् पोट्ट्याचं दिसणं जुळत नाही, असं गावोगावी म्हनते लोक. तपासाचं कसं?

सातपुडा_पायथा

पऱ्हाटी दादा, याचं उत्तर थोडं लांब आहे, कारण इथे चुका होण्याच्या जागा पाच-सहा आहेत आणि प्रत्येकीचं कारण वेगळं आहे.

पहिली, काटा. मूल टांगायचा स्प्रिंगचा काटा २५ किलोचा असतो, त्यावर १०० ग्रॅमच्या रेघा. रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणावा लागतो. झोळी अडकवायच्या आधीच शून्य केलं तर प्रत्येक मुलाच्या वजनात झोळीचं वजन मिसळतं. काटा तपासायला किराणा दुकानातली न फोडलेली पाच किलोची तांदळाची पिशवी टांगा. दर महिन्याला एकाच वजनाने तपासा आणि फरक वहीत लिहा. स्प्रिंग जुनी झाली की काटा सतत एकाच बाजूला चुकतो, त्यामुळे फरक कायम दिसला तर काटा बदलून मागता येतो. डिजिटल काटा शेणाने सारवलेल्या ओबडधोबड जमिनीवर ठेवू नका, खाली शहाबादी फरशी घ्या.

दुसरी, उंची. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. झोपवलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरते. दीड वर्षाचं मूल रडतं म्हणून उभंच मोजलं तर त्या मापात ०.७ मिळवायला हवेत. झोपवून मोजायला दोन माणसं लागतात : एकाने डोकं पाटाला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करून पावलं काटकोनात. एकट्या सेविकाताईंकडून हे नीट होणं अवघड आहे. तिथे चूक ताईंची नसते, मदतनीस नसण्याची असते, आणि तपासणीच्या कागदात ते तसंच लिहिलं गेलं पाहिजे.

तिसरी, वय. वय पूर्ण झालेल्या महिन्यांत मोजायचं. जन्मतारीख "१ जानेवारी" किंवा "१ जून" असलेली मुलं मोजा. एकाच गावात त्या दोन तारखांना दहा मुलं जन्मली असतील तर त्या तारखा अंदाजाने टाकलेल्या आहेत आणि वयानुसार वजन, वयानुसार उंची या दोन्ही रकान्यांवर विसंबता येणार नाही. उंचीनुसार वजनाला वय लागत नाही, ते मात्र टिकतं.

चौथी, आणि सगळ्यात उपयोगी. आकडा मोजलेला आहे की अंदाजाने लिहिलेला, हे आकडाच सांगतो. १०० ग्रॅमच्या रेघेवर वजन घेतलं तर शेवटचा अंक ० ते ९ पैकी कोणताही येऊ शकतो, म्हणून ६० मुलांमध्ये ० किंवा ५ वर संपणारी वजनं साधारण १२ असावीत. ३५-४० असतील तर ती काट्यावरून आलेली नाहीत. आठ किलो, साडेआठ, नऊ, साडेनऊ असा पाढा दिसला की त्या महिन्याचे आकडे बाजूला ठेवा. दुसरी खूण : एकाही मुलाचं वजन मागच्या महिन्यापेक्षा घटलेलं नाही. पावसाळ्यात हगवण, ताप, मलेरिया येतात, तेव्हा काही मुलांचं वजन घटणारच. सगळ्यांचं १०० किंवा २०० ग्रॅमने वाढत असेल तर मागच्या महिन्याचा आकडा बघून पुढचा लिहिला आहे.

पाचवी, दंडघेर. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, हात सैल सोडलेला. ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. पट्टी आवळली की आकडा कमी येतो, सैल ठेवली की जास्त. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून खड्डा राहिला तर सूज आहे, आणि सूज असलेलं मूल वजन काहीही भरो, अतितीव्र कुपोषितच धरायचं. सुजेचं पाणी वजन वाढवतं, म्हणून नुसत्या काट्यावर विसंबलं तर हेच मूल सुटतं.

वैनगंगा

सातपुडा_पायथा यांच्या मुद्द्यांत छेदाची, म्हणजे टक्केवारी एकूण किती मुलांमधून काढली याची, भर घालते. "मोजलेल्या मुलांपैकी इतके टक्के कुपोषित" हे वाक्य अहवालात आलं की "मोजलेल्या" या शब्दावर थांबा. गावात शून्य ते सहाची मुलं ८०, अंगणवाडीत नाव ७१, या महिन्यात वजन घेतलं ५८. उरलेल्या २२ मध्ये आजारी, शेतावरच्या झोपडीत राहणारी, वीटभट्टीवर गेलेली मुलं असतात. कुपोषण तिथेच जास्त असण्याची शक्यता. म्हणून तिन्ही आकडे शेजारी लिहा आणि टक्केवारी देऊच नका. इतक्या लहान गावात दोनाची तीन मुलं झाली की कागदावर "पन्नास टक्के वाढ" दिसते आणि लोक विनाकारण घाबरतात. दोनाचं एक झालं की लगेच यशाची बातमी होते. नावागणिक यादी ठेवा : कोण, कधी सापडलं, ग्राम बाल विकास केंद्रात कधी घेतलं, कधी बाहेर आलं, बाहेर येताना वजन किती होतं.

राज्याचं चित्रही असंच मुळातून बघावं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली खुरटलेली (वयाच्या मानाने बुटकी) मुलं ३४.४ वरून ३५.२ टक्के झाली, रोडावलेली (उंचीच्या मानाने हलकी) २५.६ वरच राहिली, कमी वजनाची ३६.० वरून ३६.१. हे सर्वेक्षण घरोघर जाऊन वेगळ्या माणसांनी वेगळ्या काट्याने केलेलं असतं. मासिक अहवालातलं कुपोषण त्याच्या कितीतरी खाली असेल तर दोन्हीतलं एक तपासायला हवं, आणि पहिला संशय मासिकावर घ्यावा.

मोजणारा आणि जबाबदार माणूस एकच असू नये, हे गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या कामातून पुढे आलं. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूतांनी जन्म-मृत्यू नोंदवायचे आणि वेगळ्या माणसाने ते तपासायचे, अशी व्यवस्था तिथे होती. म्हणूनच नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला गेल्यावर जगाने मानला. मोजणीवर विश्वास नसता तर घट कोणी मानली नसती.

कायदेकलम

आहाराची पडताळणी तर वही-पेनावर होते. शाळेत पहिली ते पाचवीला माणशी रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५०. पटावर नव्हे, त्या दिवशी हजर असलेल्यांवर. प्राथमिकचे सरासरी ६२ हजर आणि २४ दिवस शाळा, तर १४८.८ किलो, म्हणजे ५० किलोची जवळजवळ तीन पोती. साठा वहीत चार पोती संपलेली दिसली तर एक तर हजेरी कमी लिहिली आहे किंवा पोतं दुसरीकडे गेलं आहे. तीनऐवजी दोनच संपली असतील तर त्याहून वाईट : मुलांना कमी वाढलं, किंवा हजेरी फुगवलेली आहे. हजेरी फुगली की शाळाबाह्य मुलं आपोआप गायब होतात. एका आकड्याने दुसरा पकडायचा तो असा.

शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी-आठवीला २२० दिवस आणि १००० तास ठरवले आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक, आणि निम्म्या स्त्रिया. समितीच्या ठरावावरच्या सह्या एका बैठकीत एकाच पेनाने झाल्या आहेत का, हे बघायला कोणाची परवानगी लागत नाही, पालक असाल तर वही मागा.

पऱ्हाटी

अन् कापूस वेचणीचं काय? दिवाळीनंतर पाचवी-सहावीच्या पोरी वावरात दिसते. कायद्यानं हे चालते का नाही, यावर गावात भांडनं होते.

कायदेकलम

दादा, २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आहे. वावरापुरती सवलत एवढीच की घरच्या कामात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत करता येते. घरचं वावर चालेल, पण शाळेच्या वेळेत नाही. दुसऱ्याच्या वावरात, किलोच्या दराने वेचणी, आईच्या ओट्यात का भरेना, ही मजुरी आहे. १४ ते १८ च्या मुलांना धोकादायक कामावर बंदी. घोळ असा होतो की वेचणीचा हिशेब आईच्या नावावर लिहितात, त्यामुळे मुलगी कुठल्याच कागदावर मजूर म्हणून दिसत नाही. तिचा पुरावा शाळेच्या हजेरीपटात आहे. नोव्हेंबर ते जानेवारीतली गैरहजेरी मुलीनिहाय काढा आणि जुलै-ऑगस्टशी ताडून बघा. सलग ३० दिवस गैरहजर म्हणजे शाळाबाह्य. पण आठवड्यातून दोन दिवस येणारी मुलगी त्या व्याख्येत कधीच बसत नाही. हा नियमातला दोष आहे आणि अहवालात वेगळा मुद्दा म्हणून लिहिण्यासारखा आहे.

सातपुडा_पायथा

स्थलांतरावर. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. जुलैत वीटभट्ट्या पावसामुळे बंद असतात, वेचणी सुरू झालेली नसते. भट्टीवरचं मूल त्या महिन्यात भट्टीवर सापडणारच नाही. मोजणीचा महिना चुकला की मोजणाऱ्यांनी कितीही प्रामाणिकपणे काम केलं तरी उत्तर चुकतं.

मेळघाटात नावांची यादी करायची तर होळीचे दिवस धरा. कोरकूंचा तो सगळ्यात मोठा सण, बाहेर गेलेली कुटुंबंही तेव्हा घरी येतात. वजनं मात्र जुलै-ऑगस्टमध्ये बघा, कारण घरातलं धान्य संपलेलं असतं, आजार वाढलेले असतात आणि रस्ते तुटलेले असतात. जाणाऱ्या मुलाला शाळेने शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. किती कार्डं दिली एवढं विचारून भागत नाही. जिथे गेले त्या शाळेत त्यातली किती दाखल झाली, हा खरा प्रश्न.

रजिस्टरवाली

बालविवाहाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण इथे आकडा उलटा बोलतो. अठराच्या आतल्या गरोदर मुलींची नोंद घटली म्हणजे लग्नं घटली असं नाही. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ मुळे दवाखान्याला पोलिसांत कळवावं लागतं. त्या भीतीने घरचे वय १९ सांगतात, किंवा नोंदच टाळतात आणि बाळंतपण घरी करतात. सर्वात धोक्यातली आई अशा रीतीने दवाखान्यापासून लांब जाते. म्हणून नोंदवहीतलं वय शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराशी ताडा. बालन्याय कायद्याच्या कलम ९४ मध्येही वयाचा पहिला पुरावा शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी असा क्रम आहे. सातवी-आठवीनंतर दाखला काढून नेलेल्या पण दुसऱ्या कुठल्याच शाळेत न दिसणाऱ्या मुलींची यादी अक्षय तृतीयेच्या दोन महिने आधी तयार असावी. खबर आधी मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घेता येतो, आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. वऱ्हाड दारात आल्यावर ही वाट उरत नाही.

वैनगंगा

यादी, यादी सगळेच म्हणतोय, तर सावधगिरीचं बोलते. अत्याचारपीडित मुलाची ओळख उघड करणं पॉक्सोच्या कलम २३ ने गुन्हा आहे, आणि संरक्षणात घेतलेल्या मुलांची बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ने. ग्रामसभेत, व्हॉट्सॲपच्या गटात, या धाग्यावरही नाव, फोटो, गाव-वय-जात असं ओळखू येईल असं काहीही टाकू नका. नावांची यादी अंगणवाडीताई, आशाताई आणि मुख्याध्यापक यांच्यात राहील. ग्रामसभेपुढे फक्त संख्या आणि कोणत्या कारणाने किती.

पूर्णाकाठ

वैनगंगा ताई, अगदी मान्य. मूळ धाग्यात हे यायला हवं होतं.

सापडलेलं पुढे कुठे न्यायचं ते लिहितो. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. तिचं इतिवृत्त मागा. त्यात तारीख आणि हजर सदस्य असतात, पण "चर्चा झाली" याखेरीज काही नसेल तर समिती कागदावरच आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पैसे शिल्लक दिसले तर काटा, उंचीपट्टी आणि मदतनिसाचा प्रश्न तिथूनच सोडवायला सांगा. पेसा गावांना (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या) ५ टक्के अबंध निधीही आहे.

वर तालुका समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समिती. ही समिती एक अध्यक्ष आणि चार सदस्यांची, काळजीची गरज असलेलं मूल २४ तासांत तिच्यापुढे न्यावं लागतं. तिच्या कामाचा आढावा जिल्हाधिकाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी घ्यायचा आहे. माहिती अधिकारात विचारायचा प्रश्न हाच : मागच्या चार आढाव्यांच्या तारखा आणि प्रलंबित प्रकरणांची संख्या. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. "बालकांच्या स्थितीची माहिती द्या" असं विचारलं तर परत पाठवतील. तारीख, संख्या, कागदाचं नाव असंच मागा.

बालन्याय, पॉक्सो आणि शिक्षणहक्क या तिन्ही कायद्यांवर देखरेख ठेवणं हे राज्य बालहक्क आयोगाचं कायद्यानेच ठरलेलं काम आहे, आणि चौकशीत त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तिथे एका मुलाची तक्रार जाते, तशी दहा गावांच्या जुळवणीत निघालेली एकसारखी चूकही जाऊ शकते. तातडीचं असेल तर हे काही नको, आधी १०९८ लावा.

पऱ्हाटी

येक राह्यलं भाऊ. यवतमाळकडं ज्या घरचा बाप गेला, त्या पोरांचं कोनत्या रजिस्टरात पाह्याचं?

रजिस्टरवाली

दादा, त्यांच्यासाठी पाचवी वही लागते, बालसंगोपन योजनेची. एक पालक गेलेली मुलंही तिला पात्र असतात, रक्कम महिन्याला २२५० रुपये, आदेश बालकल्याण समितीचा. पडताळणी अशी : ग्रामपंचायतीच्या मृत्यू रजिस्टरातून मागच्या पाच वर्षांत गेलेले ५० वर्षांखालचे स्त्री-पुरुष काढा. त्या घरांतली १८ खालची मुलं शाळेच्या पटावरून मिळतात. त्यातल्या किती जणांचा अर्ज गेला, किती आदेश निघाले आणि पैसे खात्यात शेवटचे कधी आले, हे तीन रकाने करा. बहुतेक अर्ज अडतात ते मुलाचं खातं आधारला जोडलेलं नसल्याने, किंवा मंजुरी संपल्यावर नूतनीकरण राहिल्याने. नूतनीकरणाची तारीख मुलाच्या नावापुढे लाल पेनाने लिहून ठेवा, आणि त्याच्या दोन महिने आधी शाळेचं बोनाफाईड काढून घ्या.